फासा हलला तर

आधी पट पसर, निहार.
आफ्रिकेच्या मधोमध घडीवर फाटलाय,
तिथं मी सेलोटेप लावलाय, त्यावर फौज नीट उभी राहत नाही,
घसरते. चालायचंच.

रंग निवड. लाल नको, लाल सायमाचा.
पिवळी फौज सगळी हरवली
एकोणनव्वदच्या मे महिन्यात, नरेश पगारच्या गच्चीवर.
तिच्या जागी बेदाणे घेतो, पिंपळगावचे:
एक बेदाणा एक शिपाई, काळी मनुका म्हणजे दहा.
खेळताना खायचे नाहीत.
नरेशनं खाल्ली होती एकदा, सैबेरियातली सगळी छावणी, एका घासात.

पत्ते वाटून देश येतात.
आईसलँड आलं म्हणून कुरकुर नको.
दर पाळीला आपले देश मोजायचे, भागिले तीन,
तेवढी नवी फौज. कमीत कमी तीन.
म्हणजे होत्याचं नव्हतं झालं, एकच देश उरला,
तरी उद्या सकाळी तीन मिळतातच.
हा नियम ज्यानं केला त्याला एकदा चहा पाजायचाय मला.

चढाई करणाऱ्याला तीन फासे, अडवणाऱ्याला दोन.
मोठ्याला मोठा भिडवायचा, मग धाकट्याला धाकटा.
बरोबरी झाली तर अडवणारा जिंकला.
का ते विचारू नकोस.
घर धरून बसलेल्याला एवढं तरी असावं.

पट सपाट, पण जग गोल.
उजव्या कडेच्या कामचाट्कातून
डाव्या कडेच्या अलास्कात उडी मारता येते.
नरेश हे दरवेळी विसरायचा, पाठीत मार खायचा,
आणि ओरडायचा, भगूरला जायला
कुणी अमेरिकेवरून येतं का रे!

आता आपला घरचा नियम. पुस्तिकेत शोधू नकोस.
देवळालीला तोफांचा सराव असला
की तावदानं थरथरतात, पटाच्या कडेवरचा फासा कूस बदलतो.
हलला तर फेक रद्द.
सहाचा एक झाला, रद्द. एकाचा सहा झाला,
तरी रद्द, आणि तेव्हा तोंड पाडायचं नाही.
तीन भांडणं आणि एक फुटलेला कप, एवढी किंमत मोजून ठरलाय तो.

सायमा कधी चढाईच करायची नाही.
ऑस्ट्रेलियात जाऊन बसायची.
चार देश, एकच दार, दाराबाहेर सयाम.
दोन शिपाई जादा घ्यायची आणि म्हणायची, चला, पुढे.
आम्ही तिला आळशी म्हणायचो.
रात्री अकरापर्यंत मी आणि नरेश
युरोपात एकमेकांना संपवून बसलेले,
आणि ही दार उघडून बाहेर यायची, मूठभर लाल घेऊन,
कोपऱ्यावर दूध आणायला निघाल्यासारखी.

आता पर्थला असते. खरंच. हसतोस काय?
नरेश जर्मनीत होता, मग कॅनडात,
मग कुठं ते मला माहीत नाही.

एक राहिलंच.
देश जिंकलास की फौज पुढं न्यायची,
पण सगळी नाही. निघालास तिथं एक ठेवावाच लागतो,
पटावर रिकामा देश चालत नाही.
तो एकटा चढाई करू शकत नाही,
तसा नियमच आहे.
तो आपला कुंड्यांना पाणी घालतो,
गॅस बंद केला का ते दोनदा बघतो,
खोक्याला दरवर्षी नवा दोरा बांधतो.

नाशिक?
हा बघ भारत, अंगठ्याच्या पेराएवढा,
चार बाजूंनी उघडा. राखायला महाकठीण,
शहाणा खेळाडू इथं फौज वाया घालवत नाही.
मी घालवते. दरवेळी.
नाशिक तुझ्या त्या बेदाण्याखाली असेल कुठंतरी.
उचलू नकोस, राहू दे.

हं, टाक. सयामवरून माझ्यावर?
टाक की.
सहा, पाच, दोन.
माझे सहा आणि...

थांब.
ऐकलंस?
हलला तो. मी बघितलं.
टाक पुन्हा.